काळी भिजली, पांढरी ओस पडली

घाटमाथा
रविवार, रात्री १०.४०

गेल्या आठवड्यात चुलत्यांच्या वर्षश्राद्धाला गावी जाऊन आलो. गाव विट्याच्या वर, खानापूर घाटमाथ्यावर. नाव लिहीत नाही, अर्धी भावकी इथं वाचनमात्र असते.

आमच्या आळीत अकरा घरं. सात बंद. पावसात गंजू नयेत म्हणून कुलपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या, वर रबर. एका पिशवीवर तमिळ अक्षरं, दुसरीवर मल्याळम, एकीवर लखनौच्या कापडदुकानाचा पत्ता. कुठल्या घरचा माणूस कुठल्या मुलखात सोनं गाळतोय ते पिशवीवरून कळावं, अशी सोय झालीय. (तमिळ मला वाचता येतं. चौथीपर्यंत शाळा तिकडंच झाली.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारचं खटाव-माण इथली कितीतरी घरं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. देशात सराफकट्टा असलेलं कुठलंही गाव घ्या, मागच्या बोळात आपल्याकडचा कुणीतरी मूस तापवत बसलेला सापडतो. जुना दागिना आला की त्यात चांदी घालून वितळवायचा, मग तेजाबात टाकायचा. चांदी-तांबं विरघळून जातं आणि सोनं तळाला तपकिरी गाळ होऊन बसतं. बघणाऱ्याला वाटेल माती आहे. धुऊन परत मुशीत घातलं की पिवळं होतं. वडिलांनी हे बत्तीस वर्षं केलं. तेजाबानं पिवळी पडलेली त्यांची बोटं शेवटपर्यंत तशीच होती, आणि खोकलाही.

ही माणसं का गेली, याचं उत्तर आम्हाला लहानपणापासून पाठ: पाणी नव्हतं. शाळू पिकला तर पिकला, मटकीच्या शेंगा आजी मोजून तोडायची.

आता पाणी आलंय. टेंभूचं. कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्यानं वर आणलेलं. संध्याकाळी रानात गेलो तर आजीच्या मटकीच्या वावरात ऊस उभा, खालच्या पट्टीत डाळिंब, ठिबकच्या नळ्या. कुणाचा ऊस? जतकडचा एक गडी वाट्यानं करतो. आमचा निम्मा वाटा चुलतभावाच्या खात्यावर जातो, तो त्रिचीला.

जुन्या माणसांच्या भाषेत गावाचे दोन भाग: काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती. चाळीस वर्षं आम्ही काळीसाठी रडलो. काळी भिजली. पांढरी मात्र भरायची सोडून आणखी रिकामी झाली. असं का झालं, हे खरंच विचारतोय. तुमच्याकडं काय आहे तेही लिहा.

आकडेमोड
रविवार, रात्री ११.२५

शीर्षक चटकदार आहे, पण सरसकट 'ओस' म्हणू नका.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं २०११ वरच भागवायचं. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्र १५.९९ टक्क्यांनी वाढला, सांगली जिल्हा ९.२४ आणि सातारा ६.९३. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत माणसं वाढलीच. खरी घट घाट उतरल्यावर: रत्नागिरी उणे ४.८२, सिंधुदुर्ग उणे २.२१.

पण सातारकरांना काही राज्याच्या निम्म्यानंसुद्धा पोरं होत नव्हती अशातली गोष्ट नाही. मधला फरक म्हणजे एसटीत बसून गेलेली माणसं. दुसरी खूण बायका-पुरुषांच्या प्रमाणात. हजार पुरुषांमागं साताऱ्यात ९८८ बायका, राज्यात ९२९. हा आकडा भाषणात 'आमच्या जिल्ह्यात स्त्रीचा सन्मान' म्हणून ऐकलाय मी. अहो, पुरुष घरी नाहीत हो!

आणि जिल्हा हे माप फसवं आहे. शिरवळ-खंडाळ्याला हायवेच्या कडेनं कारखाने आले, कऱ्हाड-साताऱ्याच्या भोवती प्लॉट पडले, इकडं कुपवाड-मिरजेचंही तेच. ती वाढ आणि डोंगरातली गळती एकाच बेरजेत जाते.

कांदाटीकर
सोमवार, सकाळी ७.१०

घाटमाथा भाऊ, तुमच्याकडं पाणी नव्हतं म्हणून माणसं गेली. आमच्याकडं पाणी आलं म्हणून गेली.

कांदाटी खोरं, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडचा काठ. कोयना धरण भरलं तेव्हा खालची भाताची खाचरं बुडाली, उरली वरची वरकस जमीन, नाचणी-वरीची. पाऊस एवढा की जून ते सप्टेंबर उंबऱ्याबाहेर पडायची सोय नाही. लाँच बंद असली की पेशंट डोलीत. आजोबा मुंबईला गोदीत, वडील मसाला बाजारात माथाडी, मी कोपरखैरण्याला जन्मलो. माथाडी कायदा १९६९ चा. त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील आपल्या पाटण तालुक्यातले. त्या कायद्यानं हमालाला पगार, फंड, दवाखाना मिळाला, पुढं नवी मुंबईत घरं झाली. आणि घर झालं तेव्हा गाव सुटलं, हे आमच्या घरातलं माझं निरीक्षण. तोवर गावकीची खोली होती. एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीपाळीनं झोपायचं. बायको-पोरं गावाला, म्हणून पैसा गावाला आणि सुट्टीत माणूसही गावाला. मुंबईत एक-दोन खोल्यांचं का होईना घर झालं, बायको आली, पोरं तिकडच्या शाळेत गेली. मग गावाला फक्त देव राहिला.

आता गावात बारमाही माणसं मोजली तर दोन हातांची बोटं पुरतात. यात्रेला मात्र पार्किंगला जागा नसते.

पुणेरी_पाहुणा
सोमवार, सकाळी ९.४५

सगळे लेख गहिवरून लिहिलेत, पण प्रश्न काय आहे? माणूस कमी उत्पन्नाच्या कामातून जास्त उत्पन्नाच्या कामात गेला. याला प्रगती म्हणतात. दोन एकरात पाच भाऊ राबत होते ते 'भरलेलं गाव' होतं की दडलेली बेकारी? रिकामी झालेली जमीन एकाच्या हाती आली, यंत्रं आली, तर उत्पन्न वाढेल. जगभर असंच झालंय.

उसाचा_फड
सोमवार, दुपारी १.३०

पाहुणे, 'एकाच्या हाती आली तर' यातला 'तर' फार मोठा आहे बरं का. जमीन येते कुठं हाती?

मी वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठ. आमच्याकडं लोक म्हणतील काय कमी आहे, कारखाना आहे, दूध संघ आहे, बँका आहेत. सगळं आहे. ऊस तोडायला बीड आणि जतची टोळी, गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशचे गडी, पोकलेनवर झारखंडचा ऑपरेटर, सलूनमध्ये बिजनौरचा पोऱ्या. माझा पोरगा हिंजवडीत, दहा बाय दहाच्या खोलीत तिघांबरोबर राहतो. गावात माणसं वाढलीत, पण गावची नव्हेत.

पूर्वी पैरा असायचा. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. आता फोन लावायचा, 'मुकादम, उद्या बारा बायका पाठवा.' मुकादम म्हणणार, परवा नऊ मिळतील. त्यातल्या चार साठीच्या पुढच्या. हार्वेस्टर येतोय, पण आमची पट्टी अठरा गुंठ्यांची, मशीन वळायलाच दोन सऱ्या खातं.

माणदेशी_फौजी
सोमवार, दुपारी ३.०५

मी उलट्या वाटेनं आलेला. सतरा वर्षं सर्व्हिस करून माण तालुक्यात परत. जलसंधारणात आपला जिल्हा मागं नाही. वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत पहिला नंबर २०१६ ला कोरेगावातल्या वेळूनं आणि २०१८ ला आमच्या माणमधल्या टाकेवाडीनं काढला. श्रमदानाला मी स्वतः पाटी-खोरं घेऊन होतो. एक मेला महाश्रमदान, शहरातनं पोरं आली, टोप्या घातल्या, फोटो झाले. दोन मेला खोरी होती, हात नव्हते. तरी गावानं काम पुरं केलं, कारण त्या वर्षी पन्नाशीच्या बायका उतरल्या.

घाटमाथ्याला माझं उत्तर: पाणी ही अट होती, कारण नव्हतं. मला पेन्शन आहे म्हणून माझी शेती 'परवडते'. महिन्याच्या एक तारखेला खात्यावर पडणारा पैसा ज्या घरात आहे, मग तो फौजी असो, मास्तर असो नाही तर गलाईचा असो, त्या घराची शेती टिकलेली दिसेल. उरलेल्यांनी कितीही पाणी पाजलं तरी डाळिंबाला तेल्या रोग आला की संपलं.

खडूफळा
सोमवार, रात्री ८.५०

पाटण तालुक्यातल्या वाडीवर शाळेत आहे. माझं गणित मुलांवरून.

पट सहा. पहिलीत एक, दुसरीत शून्य, तिसरीत दोन, चौथीत तीन. पोषण आहाराचा तांदूळ प्राथमिकला माणशी शंभर ग्रॅम, म्हणजे दिवसाला सहाशे ग्रॅम. शाळेचं पातेलं चाळीस पोरांच्या काळातलं. त्यात सहाशे ग्रॅम टाकला की भात शिजत नाही, तळाला चिकटतो. म्हणून मावशी घरचं पातेलं आणतात.

सहातली दोन आजीजवळ ठेवलेली, आईवडील घणसोलीला. आजी गेली की ती दोन जाणार, हे गावाला आणि मलाही माहीत. एक धनगरवाड्यावरचा, दीड तास चालत येतो. एक गावच्या पोलीस पाटलांचा नातू. आणि दोन सख्ख्या बहिणी, ज्यांचे वडील वरच्या पठारावर पवनचक्क्यांच्या साइटवर वॉचमन आहेत. मूळ गाव जळगाव जिल्ह्यात.

२०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळेचं पत्र आलं, म्हणजे वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करायचं. एसी ऑफिसात बसून नकाशावर अंतर मोजलं तर पुढची शाळा जवळ आहे. पावसाळ्यात मधला ओढा नकाशावर वाहत नाही.

पण मी शासनावर सगळं ढकलणार नाही. जी चार घरं परत यायला तयार होती, त्यातल्या तिघांचा पहिला प्रश्न होता, 'मॅडम, इंग्लिश मीडियमची व्हॅन येते का?'

द्राक्षवेल
सोमवार, रात्री १०.१५

सगळे पुरुष पाण्यावर आणि पेन्शनवर बोलताय. एक बाईमाणूस म्हणून लिहू का?

तासगाव तालुका, साडेतीन एकर बाग. नवरा सोसायटीच्या राजकारणात, म्हणजे बाग मी बघते. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, मग डोळ्यात तेल घालून नव्वद दिवस. डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, बिहारची पोरं येतात. पंधरा वर्षांपूर्वी ज्या कामाला गावातल्या बायका यायच्या त्या कामाला. माल मार्केटला गेला नाही तर शेडवर बेदाणा. त्या शेडवरचं मातकट-गोड वास असलेलं डिपिंग ऑइल अंगाला लागलं की दोन दिवस जात नाही.

गावात तिशी ओलांडलेली सत्तावीस पोरं बिनलग्नाची आहेत. मोजलीत मी, हळदीकुंकवाला बायकांनी नावं घेत घेत मोजलीत. सगळ्यांच्या आया म्हणतात, शेतकऱ्याला कोण पोरगी देत नाही. आणि त्याच आया आपली पोरगी द्यायची वेळ आली की म्हणतात, पुण्यात फ्लॅट आहे का? मीही त्यातलीच. माझी मुलगी बी.फार्म. करतेय. बागायतदाराचं स्थळ आलं होतं, दहा एकर, ट्रॅक्टर, बंगला. मी विचारलं, सातबाऱ्यावर सुनेचं नाव लावाल? पाहुणे चहा पिऊन गेले, परत आले नाहीत.

आणि आकडेमोड, तुम्ही ९८८ चा अर्थ सांगितलात, पुढचाही सांगा. सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण २०११ ला सांगलीत राज्याच्याही खाली होतं. तेव्हा ज्या जन्माला येऊ दिल्या नाहीत, त्याच आज 'मिळेनात'.

आकडेमोड
सोमवार, रात्री १०.३१

बरोबर आहे ताई. निमूटपणे मान्य.

उसाचा_फड
सोमवार, रात्री १०.४४

वहिनी, सातबाऱ्याचं बोललात तिथंच मुद्दा आला. सुनेचं राहू द्या, माझं स्वतःचं नाव सातबाऱ्यावर चौदावं आहे. वरच्या तेरांत पाच वारले, तीन आत्या, दोन मुंबईत, एक कुठं आहे देवाला ठाऊक. विहिरीला कर्ज काढायचं, लाइटचं कनेक्शन घ्यायचं, की सगळ्यांची संमती. हक्कसोड करून घ्यायला गेलो तर धाकटी आत्या म्हणाली, 'बाळा, हायवे रुंद होतोय म्हणे?' तिथून पुढं बोलणंच खुंटलं.

निळी_वाट
मंगळवार, सकाळी ६.४०

दोन दिवस वाचतोय. लिहावं की नको करत होतो.

आमचे आजोबाही पाण्यापायीच गाव सोडून गेले. पण तुमच्या धाग्यातलं पाणी वेगळं. गावात विहीर होती, भरलेली होती. आम्हाला वरून ओतायचे.

दादरला नायगावच्या चाळीत एका खोलीत आमची तीन कुटुंबं राहिली, आजोबा गिरणीत बदली कामगार. ८२ च्या संपात गिरणी गेली तेव्हा तिथले बाकीचे गाववाले ट्रंका घेऊन गावी आले, वर्षभर शेतावर बसून खाल्लं. आमच्याकडं बसून खायला रान नव्हतं. आजोबा परळला फुटपाथवर कंगवे विकत राहिले, पण परत आले नाहीत. आज वडील निवृत्त अधिकारी आहेत. त्यांना कुणी 'गाव ओस पडलं' म्हटलं की ते पेपर वाचत राहतात.

धागा चांगला आहे. फक्त 'भरलेलं गाव' कुणासाठी भरलेलं होतं तेही लिहा मधूनमधून.

घाटमाथा
मंगळवार, सकाळी ८.२०

निळी_वाट, लिहिलंत हे बरं केलंत. माझ्या मूळ लेखात आळी आली ती आमचीच, वेशीच्या आतली. खालच्या वस्तीतली किती घरं बंद आहेत ते मी गेल्या आठवड्यात बघितलंसुद्धा नाही. पुढच्या खेपेला बघेन.

पुणेरी_पाहुणा
मंगळवार, सकाळी ११.००

वरचा प्रतिसाद माझ्याच मुद्द्याला पुष्टी देतो. गाव सुटणं ही अनेकांसाठी मुक्ती होती. मग अश्रू कशाला?

निळी_वाट
मंगळवार, सकाळी ११.१२

माझा प्रतिसाद तुमच्या मुद्द्याला बांधू नका. आम्ही गेलो ते आम्हाला रान नव्हतं म्हणून. ज्यांना रान होतं ते गेले तरी रान त्यांच्याच नावावर. राबणारा अजून बिनजमिनीचाच आहे, आता तो जतचा आहे एवढंच.

कांदाटीकर
मंगळवार, दुपारी १२.४०

आमच्याकडं मधला टप्पाच गायब. पिकवणारा नाही म्हणून पड, पड राहिली म्हणून झुडूप, झुडपात रानडुक्कर आणि गवे. मग शेजारच्या ज्या म्हाताऱ्यानं चार खाचरं लावली होती, त्याचं पीक एका रात्रीत साफ. पुढच्या वर्षी तोही लावत नाही. एकानं शेती सोडली की त्याच्या बांधाशेजारच्याला सोडावी लागते, असं वरवर सरकत जातं. वनखातं भरपाई देतं, पण अर्ज, पंचनामा आणि महाबळेश्वरच्या दोन फेऱ्या सत्तरीच्या माणसानं कशा करायच्या?

आणि मग पांढरा शर्ट घातलेला एजंट येतो. तो आधी गावात येत नाही, कोपरखैरण्याला येतो, आमच्या मंडळाच्या मीटिंगला. 'तुम्ही तर करत नाही, पडूनच आहे.' खरंच आहे, पडून आहे. आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी, तळ्याकडं बघणारी चांगली जमीन अशीच गेली. तिथं आता तारेचं कुंपण, फाटक आणि फाटकावर आमच्याच शेजारच्या गावचा वॉचमन. नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पाचं नाव निघाल्यापासून फोन वाढलेत.

माझे काका म्हणतात, कुलूप लावलेलं घर अजून आपलं असतं.

घाटमाथा
मंगळवार, रात्री ९.३०

सगळं वाचून दोन दिवस डोक्यात घोळत होतं, आणि मधल्या काळात गावाकडं एक प्रकरण झालं, ते सांगतो.

आधी माझ्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर. फौजी म्हणतात पाणी ही अट होती, ते पटलं. पण पाणी यायला इतकी वर्षं लागली, तेही महत्त्वाचं. १९९३ ला आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद घेतली तेव्हा माझे वडील तमिळनाडूतून खास आले होते. घरी सांगत होते, दोन-तीन वर्षांत पाणी येतंय, मग भट्टी बंद करू. आमच्या शिवारात प्रत्यक्ष पाणी दिसलं तेव्हा वडील वारले होते. मधल्या काळात चुलतभावाची पोरं तिकडं शाळेत गेली, तमिळमध्ये भांडायला लागली, त्रिचीला घर झालं, हॉलमार्कच्या धंद्यात शिरले. पंचवीस वर्षांत माणूस नुसता वाट बघत बसत नाही. पाणी ज्यांच्यासाठी निघालं होतं, ते पोचलं तेव्हा पत्त्यावर नव्हते.

पाणी आलं तर पाणीपट्टीही येते. पाणी उचलायच्या वीजबिलाचे ८१ टक्के सरकार सोसतं, १९ टक्के शेतकऱ्यानं द्यायचे. म्हणजे पाणी घेतलं की पैशाचं पीकच घ्यावं लागतं, मटकी-शाळूला ते पाणी परवडत नाही. आणि पैशाच्या पिकाला भांडवल लागतं, ते बाहेर जाऊन राहिलेल्याकडं असतं, गावात राहिलेल्याकडं नसतं.

आता प्रकरण. आमचा ऊस करणारा तो जतचा गडी, बायको आणि तीन पोरं, रानातल्या पत्र्याच्या खोपीत राहतात. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसात खालून ओल. मोठी पोरगी नऊ वर्षांची, गावच्या शाळेत जाते. घरी कन्नड, शाळेत मराठी. काल त्यानं फोन केला, 'अण्णा, आळीतलं तुमचं घर बंदच आहे, पावसाळ्यापुरतं द्याल का?' आमच्या घराला चार खोल्या, वर्षातून सहा दिवस उघडतं.

भावकीच्या ग्रुपवर टाकलं. पहिला मेसेज चुलतभावाचा, एकच शब्द: कुळ.

१९४८ चा कुळकायदा शेतजमिनीचा, कसणाऱ्या कुळाला हक्क देणारा. राहत्या घराला त्या अर्थानं कुळ लागत नाही, हे मी वकिलाला विचारून लिहिलं. उपयोग शून्य. आमच्या आज्याच्या भावाची साडेचार एकर १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कुळाच्या नावावर गेली, ती जखम सत्तर वर्षं झाली तरी ओली आहे. त्या भीतीपायीच गड्याबरोबर एक कागद करत नाही कुणी. सगळं तोंडी. कागद नाही म्हणून त्याला पीककर्ज नाही, विमा नाही. ई-पीक पाहणीत नोंद आमच्या खात्यावर. गारपीट झाली तर राबलेल्याचं नुकसान, भरपाई मात्र त्रिचीला.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकोणऐंशी मेसेज. अकरा महिन्यांचा करार करा, नाही नको. वरच्या दोन खोल्या द्या, खालच्या नकोत. देवघराला वेगळं कुलूप लावा. बाहेरच्याला आळीत कशाला, एका काकूंनी लिहिलं. निळी_वाट, तुमची आठवण झाली. शेवटी थोरल्या चुलतीनं त्रिचीहून व्हॉइस मेसेज टाकला. तिला टायपिंग येत नाही. म्हणाली, 'घरात चूल पेटली नाही तर वाळवी लागती. द्या.'

म्हणून उद्या शेजारचे आबा पिशवी सोडून कुलूप उघडणार आहेत. वरच्या दोन खोल्या, देवघर बंद, करार अकरा महिन्यांचा.

खडूफळा
मंगळवार, रात्री ९.५२

शाळेचा पट किती आहे तिथला?

घाटमाथा
मंगळवार, रात्री १०.०५

चुलतीनं तेच विचारलं. नऊ. त्यातली पाच जत-मंगळवेढ्याकडची.

उसाचा_फड
मंगळवार, रात्री १०.२०

अकरा महिन्यांनी काय करणार? ऊस तोडून त्याच बुडख्यांवर खोडवा ठेवणार असाल तर गडी हलणार नाही.

घाटमाथा
मंगळवार, रात्री १०.२६

खोडवा ठेवणार आहोत.

द्राक्षवेल
मंगळवार, रात्री १०.४१

त्या माणसाच्या बायकोला सांगा, घर वर्षभर बंदच असतं तर आधी कौलं चाळून घ्या. आणि चुलीपाशी विंचू बघा.